सीडी ‘गेली’ म्हणण्याआधी

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

भोर तालुक्यातल्या उत्रोलीत आमचं जुनं घर आहे. घराच्या ओसरीत एक जातं आहे. आता त्यावर कोणी दळत नाही. पण माझ्या लहानपणी पहाटे जाग यायची ती त्या जात्याच्या घरघरीने आणि आईच्या ओव्यांनी. १९८९ साली नोकरीच्या पहिल्या पैशातून मी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि सुट्टीत गावी आलो तेव्हा आईला आग्रहाने जात्यापाशी बसवून साठ मिनिटांची एक कॅसेट भरली. ती लाजत होती, मध्येच हसत होती, पण गायली.

२००५ साली आई गेली. वर्षश्राद्धाला सगळे जमणार होते, तेव्हा वाटलं, या कॅसेटच्या सीडी करून आक्काला, मावशीला, सगळ्यांना एकेक द्यावी. कॅसेटची फीत बुरशीने चिकटायला लागली होती. एकदाच ती नीट वाजली आणि तेवढ्यात मी तिचा आवाज संगणकात उतरवून घेतला. पुढच्या खेपेला ती यंत्रात गुंडाळून तुटली. म्हणजे आता आईचा आवाज फक्त संगणकात होता आणि तो सीडीवर नीट जाणं हे काही गंमतीचं काम राहिलं नव्हतं.

जात्यावरच्या ओव्या किती मोलाच्या आहेत हे मी सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर व्यवस्थित नोंद लावली आणि २०१७ पासून त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. माझ्या आईच्या ओव्या त्यात नाहीत. ज्या घरच्या ओव्या अशा संग्रहात गेल्या नाहीत, त्या घरानेच त्या सांभाळायच्या.

माझ्या पुतण्याच्या संगणकावर लिनक्स होतं, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून टाकलेलं. माउसने चालणाऱ्या प्रोग्रॅमने आम्ही सीडी राइट करायला घेतली. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर चौकट आली : ‘काम अयशस्वी’. बस्स, एवढंच. का अयशस्वी, कुठे अयशस्वी, काही नाही. दुसरी घातली, तेच. पुतण्या म्हणाला, “काका, सीडी गेल्या. भोरहून दुसऱ्या आणू.” मी म्हटलं, “थांब रे. आधी ती काळी खिडकी उघड.”

काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. तिथे हुकूम टंकलिखित करून द्यायचे. लोक तिला घाबरतात, पण ती फार बोलकी असते. माउसचा प्रोग्रॅम मागे तेच हुकूम चालवतो, फक्त यंत्राने दिलेलं उत्तर आपल्यापर्यंत पोचू देत नाही. डॉक्टरांनी नुसतं ‘बरं नाही’ म्हणावं आणि तपासणीचा कागद दाखवू नये, तसं.

ते कागद वाचण्याआधी सीडीवर काय घडतं ते थोडक्यात पाहू. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून केलेली सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच नागमोडी वाट असते. वेटोळ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट. सगळी वाट उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरते. आपण घरी राइट करतो त्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेसरचा किरण त्यावर चटके देत जातो. चटका बसलेली जागा आणि न बसलेली जागा, यांतून वाचणाऱ्या यंत्राला अक्षरं कळतात. दिलेला चटका परत घेता येत नाही. म्हणून घाई नको.

आता क्रमाने विचारायचे प्रश्न.

पहिला प्रश्न : संगणकाला ड्राइव्ह दिसतोय का? ‘डी-एम-ई-एस-जी’ असा हुकूम दिला की संगणकाने सुरू झाल्यापासून काय काय पाहिलं त्याची यादी येते. त्यात ड्राइव्हचं नाव हवं. आज ते बहुधा ‘एस-आर-झिरो’ असतं. त्या काळी ‘एच-डी-सी’ असं काही असायचं. नाव नसेल तर केबल तपासा. सॉफ्टवेअरशी भांडण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न : आपल्याला परवानगी आहे का? लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणाला मालक आणि गट असतो. ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं, तर बऱ्याच लिनक्समध्ये आपलं नाव ‘सीडीरॉम’ नावाच्या गटात घालावं लागतं. आणि इथे हमखास फसगत होते. नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायचं असतं. ते न केल्याने माझ्या पुतण्याने अर्धा तास डोकं खाजवलं.

तिसरा प्रश्न : ड्राइव्ह दुसऱ्या कुणाच्या ताब्यात नाही ना? ‘उपकरण व्यग्र आहे’ असं उत्तर आलं तर समजावं, की संगणकाने आपणहून सीडी उघडून ठेवली आहे. ‘यू-माउंट’ या हुकुमाने ती सोडवायची. आमच्या पहिल्या दोन अपयशांचं कारण हेच निघालं. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी जुनी सीडी आम्ही वापरत होतो आणि पडद्यावरच्या दुसऱ्या एका खिडकीत तीच उघडी होती. सीडी ठणठणीत होती.

चौथा प्रश्न : ही सीडी आहे तरी कशी? ‘एटिप’ नावाची माहिती कोऱ्या सीडीवर कारखान्यातच कोरलेली असते. सीडीरेकॉर्ड किंवा वोडिम या प्रोग्रॅमला ती विचारली की सीडीची मापं आणि ती कोणत्या वेगाने लिहिता येईल ते कळतं. वेगाबद्दल दोन टोकाचे गैरसमज आहेत. कमाल वेग धोक्याचा हे खरं, पण अगदी किमान वेगही चांगला असतोच असं नाही. नंतरच्या काळातल्या रंगद्रव्यांची घडण वेगवान लेखनासाठीच आहे. मी आठ किंवा सोळापट वेग ठेवतो.

पाचवा : रंगीत तालीम. ‘डमी’ हा शब्द हुकुमात घातला की सगळं काही होतं, फक्त लेसर चटका देत नाही. संगणकाकडून मजकूर वेळेवर येतो का हे त्यात कळतं. जुन्या ड्राइव्हमध्ये मजकूर क्षणभर तुटला तरी सीडी वाया जायची. २००० साली सॅन्यो कंपनीने थांबून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची युक्ती आणली, पण सीडीरेकॉर्डमध्ये ती मागून घ्यावी लागायची. एक लक्षात ठेवा, डीव्हीडीच्या ‘प्लस’ प्रकारात अशी तालीम होत नाही.

लिहिण्याआधी ड्राइव्ह सीडीच्या आतल्या कडेला एका राखीव पट्टीवर लेसरची ताकद अजमावून बघतो. तिथेच अडलं आणि ‘पॉवर कॅलिब्रेशन’ असे शब्द आले, तर ड्राइव्हचं आणि त्या सीडीचं जमत नाही असं समजावं. दुसऱ्या बनावटीची सीडी घ्यावी, वेग बदलावा, भिंग पुसावं.

एवढं करून आम्ही मावशीसाठी गाण्याची सीडी लिहायला घेतली. नऊ तुकडे होते. नववा तुकडा लिहून झाल्याची ओळ आली आणि वीज गेली. भाटघरच्या धरणावर वीज तयार होते, पण २००६ च्या भारनियमनात आमच्या भागाला त्याचा काही दिलासा नव्हता. वीज आल्यावर सीडी घरच्या प्लेयरमध्ये घातली. मावशी म्हणाली, “बाळा, ह्यात तर काहीच वाजत नाही रे.”

पण मी शेवटची ओळ वाचली होती. नऊच्या नऊ तुकडे लिहून झाले होते. ‘फिक्सेटिंग’ हा पुढचा शब्द मात्र आला नव्हता. एकेक तुकडा करून लिहितो तेव्हा प्रत्येकाची नोंद सीडीवरच्या एका कच्च्या वहीत होते. शेवटी त्या वहीवरून पक्की अनुक्रमणिका लिहिली जाते. घरच्या प्लेयरला कच्ची वही वाचता येत नाही, अनुक्रमणिका लागते. म्हणजे ओव्या होत्या, फक्त अनुक्रमणिका नव्हती. सीडीरेकॉर्डला ‘फिक्स’ एवढंच करायला सांगता येतं. ते सांगितलं आणि एका मिनिटाने मावशीच्या प्लेयरमधून जात्याची घरघर आली. मावशीने पदर तोंडाला लावला.

ही झाली जमलेली गोष्ट. आता चुकलेली सांगतो.

घरात ठेवायला मी मूळ फाइलींच्या वेगळ्या सीडी केल्या. त्या बरोबर उतरल्या की नाही हे पाहायला ‘एम-डी-फाइव्ह-सम’ नावाचा हुकूम आहे. तो फाइल पूर्ण वाचतो आणि तिच्यावरून बत्तीस अक्षरांचा एक ठसा काढतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ठसा बदलतो. मी मूळ प्रतीचा ठसा काढला, सीडीचा काढला. जुळेना! शिवाय वाचताना अगदी शेवटी ‘वाचनात चूक’ असा संदेश. दुसरी सीडी केली, तेच. मी चिडून दोन्ही मोडून टाकल्या.

चूक सीडीची नव्हती, मोजण्याची होती. शेतात नांगर वळवायला शेवटी थोडी जागा सोडतात. त्या पद्धतीने लिहिलेल्या सीडीवरही लेसरला थांबण्यासाठी शेवटी दोन कप्पे सुटतात. त्यांत पेरलेलं काहीच नसतं. लिनक्सला मात्र पुढचं आधीच वाचून ठेवायची सवय. तो त्या कप्प्यांत शिरतो, तिथे काही सापडत नाही आणि चूक झाली म्हणून ओरडतो. वर मी ठसा काढला तो सीडीवर वाचता आलं त्या सगळ्याचा. पोत्यासकट तांदूळ तोलायचा आणि वजन जुळत नाही म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

बरोबर रीत अशी. सीडीवर मजकूर २,०४८ बाइटच्या कप्प्यांत असतो. मूळ प्रतीचा आकार ६३,४८,८०,००० बाइट असेल, तर भागाकार केल्यावर ३,१०,००० कप्पे येतात. ‘डी-डी’ या हुकुमाला तेवढेच कप्पे मोजून वाचायला सांगायचे आणि त्याचाच ठसा काढायचा. शिवाय लिहितानाच शेवटी थोडं कोरं भरण घालायचं किंवा सगळी सीडी एका दमात लिहायची पद्धत निवडायची, म्हणजे तक्रारच उरत नाही. हे कळल्यावर केलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या सीडीचा ठसा तंतोतंत जुळला. एक मी पुण्याला नेली, एक उत्रोलीच्या ट्रंकेत ठेवली. मोडलेल्या दोन सीडीही तितक्याच चांगल्या होत्या, हे तेव्हाच कळलं होतं. पण त्याची किंमत कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

मध्यंतरी संगणक बदलला, जुनी हार्ड डिस्क बंद पडली. अलीकडे नातीला पणजीचा आवाज ऐकवावा म्हणून पुण्याची सीडी काढली, तर ती ठिकठिकाणी अडखळायला लागली. खिडकीजवळच्या कपाटात राहिल्याने ऊन आणि उष्णता लागून रंगद्रव्य फिकं झालं होतं. उत्रोलीची सीडी आणली, तिला वेगळ्या जागी डाग.

इथे ‘डीडी-रेस्क्यू’ नावाचा प्रोग्रॅम कामी आला. तो आधी चांगला भाग भराभर उचलतो, अडलेल्या जागांची एका वहीत नोंद ठेवतो आणि मग त्या जागांवर चिकाटीने पुन्हा प्रयत्न करतो. तीच वही ठेवून दुसरी सीडी घातली, तर तो फक्त राहिलेले कप्पे तिच्यातून घेतो. दोन्ही सीडी एकाच मूळ प्रतीच्या असल्याने एकीची भोकं दुसरीने बुजवली. तरी काही कप्पे दोन्हीकडे गेलेले निघाले. एका ओवीच्या मध्यात आईचा आवाज क्षणभर थांबतो. मोडून टाकलेल्या दोहोंपैकी एक जरी असती, तर तो क्षणही बहुधा मिळाला असता.

सीडीरेकॉर्ड लिहिणारे जर्मनीचे यॉर्ग शिलिंग २०२१ साली वारले. परवान्यावरून झालेल्या वादातून २००६ साली त्याच प्रोग्रॅमवरून ‘वोडिम’ निघाला होता. पण त्यावर आता फारसं काम होत नाही. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने थॉमस श्मिट यांचा ‘झॉरिसो’ घ्यावा. नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा मिळतो, तो जवळ असू द्या.

घराघरांत लग्नाच्या, बारशाच्या, वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या सीडी पडून आहेत. त्या आजच काढा. अडखळली तर फेकू नका. यंत्र शेवटच्या ओळीत काय म्हणालं ते वाचा, शक्य असेल तर कुणा जाणकाराला दाखवा. निघेल तेवढं उतरवून किमान तीन ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक प्रतीचा ठसा जुळवून बघा. सीडीवर बॉलपेनने लिहू नका, कागद चिकटवू नका. चमकता थर नावाच्या बाजूलाच अगदी वर असतो आणि तो आधी खरवडतो.

आईच्या ओव्या आता माझ्याकडे, आक्काकडे आणि पुतण्याकडे आहेत. दर दिवाळीत आम्ही तिघं फोनवर ठसा वाचून जुळवतो. बत्तीस अक्षरं. पुतण्या वाचतो, आक्का ‘हं, हं’ म्हणत कागदावर खुणा करते.