शंकू, सावली आणि नोंदवही

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत खगोलशास्त्राचा वर्ग सुरू करायचा म्हटले की बहुधा दुर्बिणीच्या खरेदीपासून आरंभ होतो. परंतु जूनमध्ये शाळा उघडतात त्याच सुमारास पावसाळा लागतो, आकाश ऑक्टोबरपर्यंत नीट मोकळे होत नाही आणि तोवर कपाटातील दमट हवेत भिंगांवर बुरशी धरू लागते. शिवाय रात्रीच्या निरीक्षणासाठी विद्यार्थ्यांना, विशेषतः एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलींना, थांबवून घेणे अवघड असल्यामुळे हा वर्ग दिवसा, सूर्याच्या आधारे उभा करणे अधिक श्रेयस्कर ठरते.

त्यासाठी लागतो तो शंकू, म्हणजे सपाट जमिनीवर ओळंब्याने तपासून उभी केलेली काठी. तिच्याभोवती वर्तुळ आखून, सकाळी आखूड होत जाणाऱ्या सावलीचे टोक परिघावर जेथे येते तेथे, आणि दुपारनंतर लांबत जाणारे टोक पुन्हा परिघाला जेथे टेकते तेथे खूण केली, की दोन्ही खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम दिशा दाखवते. ही रीत कात्यायन शुल्बसूत्रातही आढळते. पुण्यात एक मीटर उंचीच्या शंकूची दिवसातील सर्वांत आखूड सावली 22 डिसेंबरला जवळजवळ 90 सेंटिमीटर भरते, तर विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र जवळपास समान असतात तेव्हा, ती सुमारे 33 सेंटिमीटर असते. सप्टेंबरच्या विषुवदिनी ढगांनी उघडीप दिली, तर सावलीच्या लांबीला शंकूच्या उंचीने भागून टॅन गुणोत्तर मिळते आणि त्यावरून निघणारा साडेअठरा अंशांचा कोन हाच पुण्याचा अक्षांश असतो. दहावीची त्रिकोणमिती येथे अंगणात उतरते, आणि म्हणूनच या वर्गासाठी वेळापत्रकात वेगळ्या तासिकेची याचना करावी लागत नाही. भर दुपारी शंकूची सावलीच उरत नाही असे शून्य सावलीचे दिवस मात्र शाळेच्या हाती लागत नाहीत, कारण पुण्यातील पहिला मेच्या मध्यास सुट्टीत येतो आणि दुसरा जुलैअखेरीस ढगांत हरवतो.

वर्ग सुरू करण्यापेक्षा टिकवणे कठीण, कारण तो बहुधा एकाच उत्साही शिक्षकावर अवलंबून असतो आणि त्याची बदली झाली की बंद पडतो. पुण्यात 1944 पासून कार्यरत असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था मार्गदर्शन करू शकतात, पण दररोजची जबाबदारी शाळेचीच राहते. तारीख, वेळ, सावलीची लांबी आणि ढगांची स्थिती नोंदवणारी एकच वही दरवर्षी पुढच्या तुकडीकडे सोपवली, तर नव्या विद्यार्थ्यांना आपली मापे आधीच्या मापांशी ताडून पाहता येतात आणि फरक का पडला हा प्रश्न आपोआप पुढे येतो. शाळांनी दुर्बिणीसाठी निधी जमवण्यापूर्वी ही वही सांभाळणारे किमान दोन शिक्षक नेमावेत.