शांत कुत्रा, वळणारा कळप

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून निघून धारवाडकडच्या काळ्या रानात गेलं, की सुगीनंतर खतासाठी शेतात बसवलेली मेंढरं दिसतात. धनगराचा कुत्रा मुख्यतः राखणीचा, लांडग्याला दूर ठेवणारा. कळप वळतो तो माणसाच्या काठीने आणि हाकेने.

ब्रिटनच्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्याचं काम नेमकं वळवण्याचं. ही मुळात शिकारच: रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, फक्त चावा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत मागे पडला. नॉर्थम्बरलंडच्या अ‍ॅडम टेल्फर यांनी शांत, मोकळ्या स्वभावाचा रॉय आणि तीव्र नजरेची, बुजरी मेग यांची जोडी लावली. १८९३ साली त्यांना झालेला ‘ओल्ड हेम्प’ आवाज न करता मेंढ्या वळवी. आजच्या बहुतेक बॉर्डर कोली त्याच्याच वंशातल्या. म्हणून जोडी लावताना रूपापेक्षा आई-बाप कामात कसे वागतात ते पाहावं. दोघंही फार तीव्र असतील तर पिल्लं बिथरी निघण्याची भीती.

आपल्या भागातली नावाजलेली जात मुधोळची: तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी जोपासलेला हाउंड, ज्याच्यासाठी आता तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे. पण तो वेगाचा शिकारी. त्याच्याकडून कोलीचं काम मागणं माझ्या मते अन्यायच, आणि दाट केसांची कोली हौसेखातर इथल्या उन्हात आणणं त्याहून मोठा.