सहा जण आणि एक कोडं

वाकडच्या आमच्या सोसायटीत रविवारी गणितं सोडवायची बैठक असते. परवाचं कोडं: कुठल्याही सहा जणांत तिघे परस्परांच्या ओळखीचे किंवा तिघे परस्परांना अनोळखी असतातच, हे सिद्ध करा. आयटीवाले शक्यता मोजत बसले (15 जोड्या, 32,768 शक्यता!). आठवीतली मुलगी म्हणाली, "एकालाच धरा ना." उरलेल्या पाचांपैकी किमान तिघे त्याच्या ओळखीचे, नाहीतर किमान तिघे अनोळखी. समजा ओळखीचे. त्यांच्यात दोघांची ओळख निघाली तर त्याच्यासह त्रिकूट जमलं. नाहीतर ते तिघेच परस्परांना अनोळखी. दुसरी बाजूही अशीच सुटते.

असं मिळून गणित सोडवणं मोठ्या पातळीवरही झालंय. 2009मध्ये गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांच्या आवाहनावरून अनेकांनी मिळून एका प्रमेयाची नवी सिद्धता शोधली. शोधनिबंधावर लेखक एकच, सगळ्यांचं मिळून टोपणनाव: डी. एच. जे. पॉलिमॅथ!

परत आमच्या कोड्याकडे: सहाऐवजी पाच जणांत ते फसतं. गोल बसवा, प्रत्येकाला फक्त शेजारचे दोघे ओळखीचे. करून बघा.