अखेरच्या संस्काराचा खर्च

मृत्यू वेळ सांगून येत नाही. खर्च मात्र त्याच दिवशी मागतो. सरणाची लाकडे, तिरडीचे बांबू, नवे वस्त्र, यांतील काहीच उद्यावर टाकता येत नाही. हातावर पोट असलेल्या घरात त्या दिवसाची मजुरीही बुडालेली असते. तेव्हा अशा कुटुंबाला शासन कोणता आधार देते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

रायपूरच्या शंकर नगरात एकाच रस्त्यावर राबणारी तीन माणसे डोळ्यांपुढे आणावीत: दुकानातील नोकर, बांधकामावरचा गवंडी आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई. तिघांचीही मिळकत बेताचीच. परंतु त्यांच्या पश्चात घरच्यांना मिळणारे साहाय्य मात्र सारखे नाही.

दुकानात दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील आणि नोकराचे वेतन दरमहा २१,००० रुपयांच्या आत असेल, तर तो कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. १९४८ च्या कायद्याने उभारलेल्या या योजनेतून अंत्यविधीचा प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत, मिळतो. विमेदाराला कुटुंबच नसेल, तर ज्याने पदरचे पैसे घातले त्यालाही तो मागता येतो. मागणी मात्र तीन महिन्यांच्या आत करावी लागते.

गवंड्यासाठी १९९६ च्या कायद्यान्वये राज्याराज्यांत कल्याण मंडळे निघाली. त्यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्राचे मंडळ अंत्यविधीसाठी १०,००० रुपये देते. पण हा हक्क नोंदणी झालेल्या कामगाराचा. नोंदणी राहून गेली, तर आयुष्यभर रचलेल्या भिंतीही साक्षीला येत नाहीत.

धुणीभांडी करणारी बाई या दोन्ही छत्रांबाहेर राहते. तिचे कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल, तर १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा आधार आहे. घरातील मुख्य कर्ती व्यक्ती १८ ते ५९ या वयात निवर्तल्यास एकदाच २०,००० रुपये मिळतात. गृहिणीचीही गणना यात कर्त्यांमध्ये होते. मात्र साठी उलटलेल्या वृद्धाच्या मृत्यूनंतर या योजनेतून काहीच मिळत नाही, आणि सरण तर त्यालाही तेवढेच लागते.

शिवाय हे सारे पैसे अर्ज, दाखले आणि चौकशी यांनंतर हाती येतात. तोवर उसनवारी झालेली असते. मुंबई महानगरपालिकेच्या स्मशानभूमीत दहनासाठी लाकूड विनामूल्य मिळते. रकमेच्या मानाने हे साहाय्य लहान. परंतु ते गरजेच्या घटकेला पोहोचते, हेच त्याचे मोल.

प्रत्येक अर्जाच्या मुळाशी मृत्यूचा दाखला असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केल्यास शुल्क पडत नाही. दुःखाच्या त्या दिवसांत घरच्यांना हे सुचणे कठीण. अशा वेळी जाणत्या शेजाऱ्याने नोंदीचे एवढे काम अंगावर घेतले, तरी त्या घराला मोठाच आधार होतो.