जुन्या टी.व्ही.साठी डी.व्ही.डी. प्लेअर घेताना



ऊस विकास खात्याचा आणि डी.व्ही.डी. प्लेअरचा संबंध काय, असे कोणी विचारील. पण गटातून फिरताना खोडव्याच्या जोडीने हाही प्रश्न आम्हांला विचारला जातो. घरोघरी लग्नाच्या, बारशाच्या तबकड्या आहेत. काही घरांत तर गेलेल्या वडीलधाऱ्यांचा आवाज तेवढा एका तबकडीतच उरला आहे. जुना डबा टी.व्ही. चालतो, प्लेअर मात्र बंद पडलेला. नवे प्लेअर आता दुकानांत फारसे दिसत नाहीत, वापरलेलाच घ्यावा लागतो. तेव्हा बेणे पारखतो तसा तो पारखून घ्यावा.

आधी आपल्या टी.व्ही.ची पाठ बघा. पिवळे, पांढरे, तांबडे असे गोल सॉकेट असतील तर काम सोपे. पिवळ्यातून चित्र, बाकी दोहोंतून आवाज. प्लेअरलाही पिवळे सॉकेट हवेच. नुसते एच.डी.एम.आय. असलेला प्लेअर कितीही चकचकीत असो, जुन्या टी.व्ही.ला सरळ जोडता येत नाही. फार जुन्या संचाला फक्त अँटेनाची जागा असते. त्याला मध्ये आर.एफ. मॉड्युलेटर नावाची डबी लागते. काही जण व्ही.सी.आर.मधून वायर फिरवतात. विकतच्या सिनेमाच्या तबकडीवर बहुधा नक्कल रोखण्याची युक्ती केलेली असते, त्यामुळे असे केल्यास चित्र मध्येच उजळते, मध्येच काळवंडते. टी.व्ही. बिघडला म्हणून कारागीर बोलावू नका. तसेच पिवळी वायर चुकून हिरव्या सॉकेटात गेली तर रंगीत लग्न काळे-पांढरे दिसते!

कोणाचा मुलगा अमेरिकेहून प्लेअर आणतो. त्याच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले आहे का ते पाहावे. नुसते ११० ते १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर थेट लावला की जळालाच. तिकडची पद्धत एन.टी.एस.सी., आपली पाल. शिवाय सिनेमाच्या तबकड्यांना विभाग क्रमांक असतो. भारताचा ५, अमेरिकेचा १. घरगुती चित्रीकरणाला हा अडसर नसतो.

आता खाऱ्या हवेचे. नागाव (ता. अलिबाग) भागात लेकी दिलेल्या सभासदांनी हे तिकडे जरूर कळवावे. समुद्र जवळ, नारळी-पोफळीच्या वाड्यांचा ओलावा, त्यात पावसाळा. सॉकेट गंजतात, भिंगावर बुरशी धरते. तिथे वापरलेला प्लेअर घेताना सॉकेट हिरवट पडले आहेत का ते बघावे, स्क्रूला गंज असेल तर सोडून द्यावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. अशा वेळी फोटोंचे अल्बम भिजले की चिकटतात, तबकडी मात्र साध्या पाण्याने धुऊन सुकवली की बहुतेक वेळा चालते. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. व्ही.सी.डी.वर लिहिलेली बाजू खरवडू नये. चित्र त्या बाजूलाच पातळ लेपाखाली असते. डी.व्ही.डी.त ते दोन थरांच्या मधोमध असते, म्हणून ती थोडी दमदार.

दुकानात जाताना आपली स्वतःची तबकडी बरोबर न्या, दुकानदाराची नको. प्लेअर तबकडी आतून बाहेर वाचतो, म्हणून शेवटचा भाग, वरातीचा म्हणा, लावून बघावा. भिंग थकले असेल तर बहुतेक तिथेच अडकते. ट्रे चार-पाच वेळा आत-बाहेर करावा. निदान अर्धा तास चालू ठेवावा. तापल्यावर खोट दिसते. घरी रेकॉर्ड केलेल्या तबकड्या विकतच्यापेक्षा लवकर खराब होतात. म्हणून प्लेअर मिळाला की आधी संगणकवाल्याकडून पेन ड्राइव्हवर प्रत करून घ्यावी, मग हौसेने बघत बसावे. यू.एस.बी.ची जागा असलेला प्लेअर मिळाला तर उत्तम. पण पेन ड्राइव्हवरचा प्रत्येक प्रकारचा व्हिडिओ त्याला वाचता येतोच असे नाही, तेही तिथेच लावून पाहावे.

आणि रिमोट मागून घ्या. पाल, ४:३ ही सेटिंग बहुतेक प्लेअरमध्ये त्याशिवाय बदलता येत नाहीत.

— ऊस विकास अधिकारी