मुलाम्याखालचे यंत्र

एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचा पातळ थर चढवायचा, यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. मुलामा, झिलई, वर्ख, लेप आणि घरोघरी ठाऊक असलेली कल्हई. आपल्या सीमाभागातल्या घरांत तर सासरी ‘कल्हई’ आणि माहेरी ‘कलायि’ म्हटले, तरी पितळेच्या पातेल्यात आमटी करण्याआधी काय करायला हवे, हे दोघींनाही नेमके कळते. पण हाच मुलामा जेव्हा खेळाच्या यंत्रावर चढवला जातो, आणि तोही हौसेपोटी हजारो रुपये मोजून, तेव्हा त्यामागे काय विचार असतो? अमेरिकेतील पिनबॉल यंत्रांच्या शौकिनांमध्ये हा विषय मोठ्या आवडीने चर्चिला जातो. त्यांच्या वादातून आपल्यालाही घेण्यासारखे बरेच आहे.

बॅगाटेलची अमेरिकन नात

पिनबॉल आपल्याकडे फारसा रुजला नाही. पण त्याची आजी आपल्या ओळखीची आहे. लाकडी फळीवर खिळे ठोकलेले, खिळ्यांच्या कुंपणांत आकडे लिहिलेले आणि काठीने गोळी ढकलून खेळायचे ‘बॅगाटेल’ अनेकांनी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत खेळलेले असेल. हा खेळ मूळचा फ्रान्समधला. अमेरिकेत सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी 1871 साली त्यात सुधारणा करून पेटंट घेतले. काठीच्या जागी त्यांनी स्प्रिंगचा दट्ट्या बसवला. 1931 साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीचे ‘बॅफल बॉल’ हे नाणे टाकून खेळायचे यंत्र अफाट खपले. 1947 साली याच कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथमच विजेवर चालणारे फ्लिपर आले. खाली घरंगळणारी गोळी बटण दाबून पुन्हा वर उडवता येऊ लागली आणि नशिबाच्या खेळात हाताच्या कौशल्याला जागा मिळाली.

सरकारला मात्र हे पटायला वेळ लागला. पिनबॉल म्हणजे जुगार, असे ठरवून न्यूयॉर्क शहराने 1942 साली त्यावर बंदी घातली. महापौर ला गार्डिया यांनी स्वतः हातोडा घेऊन यंत्रे फोडली. महायुद्ध सुरू होते. या यंत्रांतला धातू शस्त्रांसाठी वापरलेला बरा, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या शिकागोत ही यंत्रे बनत, त्या शहरातही अनेक वर्षे बंदीच होती. न्यूयॉर्कमधली बंदी 1976 साली उठली. रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगर परिषदेच्या सदस्यांपुढे गोळी कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगितले आणि दट्ट्या ओढून ती त्याच वाटेने नेऊन दाखवली.

पुढे व्हिडिओ गेम आले, घरोघरी संगणक आले. 1999 साली विल्यम्स या मातबर कंपनीने पिनबॉलची निर्मिती बंद केली. दुकानांतून बाहेर पडलेली जुनी यंत्रे हौशी लोकांनी आपल्या तळघरांत आणि मोटारीच्या गॅरेजमध्ये आणून ठेवली. कित्येकांचे पाय गंजलेले, कडा पोचे पडलेल्या, नाणी टाकायच्या दारावर ओरखडे. मुलाम्याची कथा इथून सुरू होते.

रंगाची भुकटी

1960 च्या सुमारापर्यंत या यंत्रांच्या कडा लाकडाच्या असत. नंतर तिथे धातू आला. यंत्राचे चार पाय, काचेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, काच जागच्या जागी धरून ठेवणारी पुढची आडवी पट्टी, नाण्याचे दार, बिजागऱ्या आणि आत गोळी ज्यावरून सुसाट धावते ते तारेचे पूल, एवढ्या भागांचे रूप पालटता येते. त्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली वाट पावडर कोटिंगची. उद्यमबागेतल्या कारखान्यांशी ज्या घरांचा संबंध आहे, तिथे हा शब्द नवा नाही. आपली लोखंडी कपाटे आणि मोटारसायकलींचे कितीतरी भाग याच रीतीने रंगवलेले असतात. यात पातळ रंग नसतोच. रंगाची कोरडी भुकटी असते. बंदुकीसारख्या उपकरणातून ती उडवताना तिच्या कणांवर विद्युतभार दिला जातो. समोरचा धातूचा भाग अर्थिंगला जोडलेला असल्यामुळे कण त्याच्याकडे ओढले जातात आणि चिकटून बसतात. मग तो भाग साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत ठेवला, की भुकटी वितळते आणि तिचा एकसंध, चिवट थर तयार होतो. आधी चांदीसारखा चकचकीत थर आणि त्यावर पारदर्शक लाल किंवा निळा थर दिला, तर साखरेच्या पाकातल्या गोळीसारखी खोल चमक येते.

पण यशाचे गमक भट्टीत नाही, त्याआधीच्या कष्टांत आहे. तेल, गंज, जुना मुलामा पूर्ण निघायला हवा. त्यासाठी वाळूसारख्या कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करतात. गुळगुळीत क्रोमवर तशीच भुकटी मारली, तर काही काळाने तिचे पापुद्रे सुटतात. आटे आणि भोके आधी बुजवून घ्यावी लागतात. नाहीतर रंगाच्या जाडीमुळे बोल्ट बसत नाहीत आणि पुढची पट्टी अडकते.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. पावडरच्या थरातून वीज वाहत नाही. यंत्राचे बाहेरचे धातूचे भाग आतून अर्थिंगला जोडलेले असतात. त्या जोडाच्या जागेवर रंग चढला, तर अर्थिंग तुटते. पुढे आत कुठे तार उघडी पडली, तर पट्टीवर तळवे टेकून खेळणाऱ्या मुलाला झटका बसू शकतो. म्हणून जाणकार कारागीर जोडाची जागा झाकूनच रंग मारतो आणि यंत्र पुन्हा जुळवल्यावर अर्थिंग तपासून पाहतो.

धातूवर धातू

दुसरी वाट इलेक्ट्रोप्लेटिंगची, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूवर धातू चढवण्याची. ज्याला आपण सरसकट क्रोम म्हणतो, त्यात वरचा क्रोमियमचा थर नावापुरता असतो, एका मायक्रॉनहूनही पातळ. गंजापासून खरे संरक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा जाड थर. अनेकदा त्याच्याही खाली तांबे असते. खालचा धातू घासून आरशासारखा केलेला नसेल, तर मुलामा त्याचे व्रण झाकत नाही. उलट चमकेमुळे प्रत्येक खड्डा उठून दिसतो. काही शौकीन खऱ्या सोन्याचा मुलामा देतात. तो थर फारच पातळ असल्यामुळे, जिथे हात टेकतात तिथे तो लवकर झिजतो. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीतले कथील निदान आपल्या पातेल्यात पोटाच्या रक्षणाला तरी येते!

क्रोमच्या झगमगाटाची एक काळी बाजूही आहे. पारंपरिक पद्धतीत ज्या द्रावणात वस्तू बुडवतात, त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे. ‘एरिन ब्रोकोविच’ या 2000 सालच्या गाजलेल्या चित्रपटात पाण्यात मिसळलेले विष हेच. तयार झालेल्या क्रोमच्या पट्टीला हात लावण्यात धोका नाही. धोका आहे तो टाकीवरच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या कामगाराला आणि सांडपाणी ज्या नाल्यात जाईल त्या वस्तीला. युरोपीय संघात 2017 पासून विशेष परवानगीशिवाय हे रसायन वापरता येत नाही. त्याऐवजी कमी घातक अशी तीन संयुजेच्या क्रोमियमची पद्धत वापरता येते. तिची छटा किंचित गडद येते, एवढेच. हौसेचे मोल कोण मोजतो, हा प्रश्न प्रत्येक चकचकीत वस्तूपाशी विचारायला हवा.

जुने राखावे की नवे करावे?

शौकिनांमधला मोठा वाद वेगळाच आहे. एक पक्ष म्हणतो, यंत्र कारखान्यातून जसे निघाले तसेच राहावे. ओरखडे हा त्याचा इतिहास. शेवटी बंदी, हातोडे आणि भंगार यांतून ते वाचले आहे. दुसरा पक्ष म्हणतो, हे खेळण्यासाठी केलेले यंत्र आहे. ते देखणे दिसले तर नातवंडे त्याच्याजवळ येतील. या पक्षाला कंपन्यांचाही आधार आहे. ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ हे 1992 सालचे यंत्र वीस हजारांहून अधिक विकले गेले आणि 1994 साली कंपनीनेच त्याची सोनेरी साजाची एक हजार यंत्रे काढली. आज स्टर्न कंपनीच्या मर्यादित आवृत्त्यांत खास रंगाचे पावडर कोटिंग हे एक आकर्षणच असते.

या वादातून शहाण्या शौकिनांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो. जे परत फिरवता येते, तेच बदलावे. पायांचा जुना जोड घासून रंगवण्याऐवजी नवा जोड आणून त्यावर हौस भागवावी आणि मूळचे पाय कापडात गुंडाळून, चिठ्ठी लावून जपून ठेवावेत. उद्या यंत्र दुसऱ्याच्या घरी गेले, तर निवड करण्याचा हक्क त्यालाही उरतो.

आपल्या घरांतही असे प्रश्न येतात. पणजीची समई, आजोबांच्या सायकलचा दांडा, देव्हाऱ्यातली घंटा चकचकीत करून आणावी असे वाटते. तशी इच्छा होण्यात गैर काहीच नाही. कल्हई ही गरज होती. ती उडाली की पुन्हा करायची, असाच तिचा धर्म. नक्षी किंवा कोरलेले नाव मात्र एकदा घासले गेले, की कोणताही मुलामा ते परत आणत नाही. ‘बेळ्ळगिरुवुदेल्ला हालल्ल’, पांढरे दिसते ते सगळेच दूध नसते, असे कन्नड म्हण बजावते. तेव्हा घरातली जुनी वस्तू कारागिराच्या हाती देताना दोन गोष्टी विचाराव्यात: खालचे किती घासणार, आणि काढलेले परत लावता येईल का? ज्या कारागिराकडे या दोन्हींची सरळ उत्तरे असतील, त्याच्या हाती ती वस्तू निर्धास्तपणे द्यावी.