ख्रिस्ती प्रवचन, मराठीतील
ख्रिस्ती मंडळीच्या रविवारच्या उपासनेत बायबलमधील नेमलेल्या उताऱ्यावर धर्मगुरूने केलेले निरूपण. मराठीत त्याला आरंभी पुराणकथनाचे वळण लाभले. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) गोव्यातील चर्चमधून रविवारी व सणावारी वाचले जाई. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्त्यांची श्रवणाची भूक त्याने भागविली. देशी भाषेवर निर्बंध घालणारा पोर्तुगीज हुकूम १६८४ मध्ये निघाला, तरी हस्तलिखित प्रतींतून ते टिकले. मुंबईत १८१३ पासून स्थिरावलेल्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा उपदेश गद्य होता. त्याची घडण पाश्चात्त्य असल्याने कीर्तनाला सरावलेल्या श्रोत्यांना तो काहीसा परकाच वाटला असावा. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन-कीर्तनाची जोड देऊन हा दुरावा कमी केला. नित्याच्या उपासनेत मात्र गद्य उपदेशच प्रधान राहिला.